मामानॅटली: पोटाला बांधून शिकवायचा प्रसूती सिम्युलेटर

मिडवाइफरीच्या, म्हणजे सुईणकाम शिकणाऱ्या मुलींना प्रसूती शिकवताना टेबलावरचा अर्धा पुतळा मला कधीच पुरेसा वाटला नाही. पुतळा ओरडत नाही, 'पाणी द्या' म्हणत नाही. लार्डल कंपनीचं मामानॅटली शिकवणारीनंच पोटाला बांधायचं असतं, त्यामुळे खाटेवरची बाई म्हणजे मीच! कळा देते, भांडतेसुद्धा. मुली बाळाकडे बघत राहिल्या आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, तर ते मला तिथल्या तिथे जाणवतं.

खरी किंमत वसूल होते ती प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या सरावात. गर्भाशय घट्ट की सैल, हे माझ्या हातात; सैल राहिलं की रक्त वाहत राहतं. नकली रक्त हळूहळू सोडत जायचं आणि बघायचं, किती जणी पोटावर हात ठेवून गर्भाशय चाचपतात. बहुतेकींची नजर वार पडली की नाही यावरच खिळलेली असते. ५०० मिलिलिटर रक्त चादरीत जिरल्यावर किती कमी दिसतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तक वेगळं सांगावं लागत नाही. बाळ झाल्यावर मिनिटभरात गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, त्याच मिनिटात बाळाच्या श्वासाकडेही लक्ष; ही धांदल इथेच अंगवळणी पडते.

सोबतच्या बाळात कोमट पाणी भरलं की वजन अगदी खरं वाटतं. टाके घालायला मात्र वेगळं मॉडेल लागेल, त्यासाठी हे घेऊ नका. आणि बांधणारीनं जुने कपडे घालावेत.