इंजिनाचा नंबर तोच, पोटातला माल मात्र दुसऱ्याचा

जुनी जावा मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त करून उभी करणाऱ्याला बहुतेक कामे स्वतः करता येतात, परंतु क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडर) ही दोन कामे बाहेर द्यावीच लागतात, आणि माझी फसवणूक नेमकी तिथेच झाली. क्रँकच्या दोन्ही चकत्या पिनवर दाबून बसवलेल्या असतात. त्या सोडवून पिस्टनला क्रँकशी जोडणारा नवा कनेक्टिंग रॉड घालायचा आणि पुन्हा एका रेषेत आणायच्या, तर प्रेस आणि बारीक फरक मोजणारा डायल गेज हवा. या गाड्यांची माहिती असलेले आणि ही साधने बाळगणारे कारागीर आता मोजकेच उरल्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्या शब्दावर विसंबते.

गाडी माझ्या काकांची, १९६८ सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली. अनेक वर्षे पडवीत उभी राहून इंजिन जाम झाले होते, तरी उघडल्यावर आतला माल चांगला निघाला. पिस्टनच्या डोक्यावर ६५.२५ असा शिक्का होता. या अडीचशे सीसी इंजिनाचे मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचा व्यास, ६५ मिलिमीटरचे, आणि ते झिजले की पाव-पाव मिलिमीटरने वाढवत नेतात. म्हणजे माझा ब्लॉक तोवर पहिल्याच वाढीव मापावर होता आणि त्यात पुढची पुष्कळ वर्षे शिल्लक होती.

मी फक्त क्रँक आणि ब्लॉक नेणार होतो. वर्कशॉपच्या मालकाने मात्र पूर्ण इंजिन आणायला सांगितले. केसिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचात, बेअरिंगचा फिट तपासल्याशिवाय क्रँकची खात्री देता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते ऐकायला पटण्यासारखे होते. आगाऊ रक्कम घेतल्यावर माल मिळत नाही, कारागीर गावी गेला आहे, अशी कारणे सुरू झाली, आणि अखेर एके दिवशी अचानक बोलावून त्याने पूर्ण जोडून बंद केलेले इंजिन हातात ठेवले. ब्लॉकला चंदेरी रंगही मारला होता, ज्याची मी मागणीच केली नव्हती.

घरी हेड, म्हणजे ब्लॉकवरचे झाकण, उतरवले तेव्हा पिस्टनवर ६६ चा शिक्का दिसला. विचारल्यावर उत्तर आले की ओरखडे खोल असल्यामुळे तिथपर्यंत जावे लागले. ते एक वेळ मानता आले असते, परंतु पुन्हा जोडताना उपयोगी पडावेत म्हणून मी प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवले होते, आणि त्यांत माझ्या ब्लॉकच्या वरून तिसऱ्या फिनचा (इंजिन हवेने थंड ठेवणाऱ्या पातळ पट्टीचा), एक्झॉस्टच्या बाजूचा कोपरा तुटलेला स्पष्ट दिसतो. परत आलेल्या ब्लॉकच्या सगळ्या फिन अखंड आहेत. मग ब्लॉक काढून कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला. नव्या रॉडला आडवी किंचित हालचाल असतेच, परंतु उभी हालचाल अजिबात असता कामा नये. इथे ती बोटांना सरळ जाणवत होती. नव्या रॉडचे आणि पिनचे पैसे माझ्याकडून पूर्ण घेतले होते.

या प्रकारातली मेख अशी की इंजिनाचा नंबर केसिंगवर असतो. ब्लॉक आणि क्रँक बदलले तरी आरसी बुकातला नंबर जुळतोच, आणि कागदोपत्री काहीही बिघडलेले दिसत नाही. दुसरीकडे, २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी आली, तिच्यात गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. माझ्या मते त्यामुळे मूळ भागांची मागणी वाढली आहे आणि कमी झिजलेला ब्लॉक कारागिराच्या हाती देणे अधिक जोखमीचे झाले आहे.

वर्कशॉपने जबाबदारी नाकारली. बिलावर ‘क्रँक, बोअर, पिस्टन’ एवढेच लिहिलेले असल्याने कोणता ब्लॉक दिला आणि कोणता मिळाला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. फोटो जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हाही आहे, म्हणून पोलिसांकडेही अर्ज दिला आहे.

ज्यांचे इंजिन अजून घरीच आहे त्यांनी ब्लॉकच्या आणि क्रँकच्या सहज न दिसणाऱ्या जागी स्वतःची खूण पंच करावी, पिस्टनचे माप आणि ती खूण पावतीवर लिहून मालकाची सही घ्यावी, जुना रॉड, पिन आणि पिस्टन परत मागावेत, आणि ‘इंजिन बंद करूनच देतो’ असे कोणी म्हटल्यास ठाम नकार द्यावा. तिसऱ्या फिनचा कोपरा तुटलेला, ६५.२५ किंवा ६५.५० मापाचा जावाचा ब्लॉक कोणाला विकत मिळत असेल, तर त्यांनी विक्रेत्याकडून तो कुठून आला याची लेखी पावती जरूर मागावी.