दोन पोर्ट, पत्ता एकच: कनेक्टएक्स-३ कार्ड आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या आसपास मेलानॉक्सचं कनेक्टएक्स-३ हे दोन पोर्टांचं १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड सेकंडहँड घेतलं. आमच्या पुण्यातल्या छोट्या व्हिडिओ एडिटिंग ऑफिसमध्ये प्रॉक्समॉक्सवर (एकाच मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी लिनक्स प्रणाली) चालणारा एक सर्व्हर आहे, त्यात ते बसवलं. एक पोर्ट स्टोरेजकडे, दुसरा स्विचकडे. वेगाबद्दल फार लिहीत नाही. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या टूलवर ९.४ गिगाबिट पहिल्या दिवशी मिळत होते, आजही मिळतात. आठ महिन्यांत लिंक आपणहून एकदाही पडली नाही. लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. या कार्डाचे दोन पोर्ट सॉफ्टवेअरमध्ये वेगळे ओळखायचे कसे, हे कळायला मला दोन वेळा मार खावा लागला.

दोन पोर्टांची बरीचशी कार्डं पीसीआय बसवर (कार्डं मदरबोर्डला जोडणारा मार्ग) दोन फंक्शनं, म्हणजे स्वतःचा पत्ता असलेली दोन उपकरणं, म्हणून दिसतात. इंटेलचं एक्स५२०-डीए२ लावलंत तर एलएसपीसीआयमध्ये (अशा कार्डांची यादी दाखवणारी कमांड) ०१:००.० आणि ०१:००.१ अशा दोन ओळी येतात. कनेक्टएक्स-३ ची ओळ एकच येते, ०१:००.०. दोन्ही पोर्ट त्याच एका पत्त्यामागे बसलेले असतात. लिनक्समध्ये बूट आणि सेवा सांभाळणारं सिस्टमडी पहिल्याला ईएनपी१एस० म्हणतं आणि दुसऱ्याला ईएनपी१एस०डी१. शेवटचं ते ‘डी१’ मी पहिले काही दिवस नीट बघितलंही नव्हतं.

मला नावं सुटसुटीत हवी होती, स्टोअर० आणि अपलिंक०. म्हणून सिस्टमडीची डॉट-लिंक फाइल (कोणत्या पोर्टाला कुठलं नाव ते सांगणारी) लिहिली आणि त्यात पाथची अट घातली, पीसीआय-००००:०१:००.०. ती अट दोन्ही पोर्टांना लागू पडते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. रीबूट केल्यावर दोघांनीही स्टोअर० हेच नाव मागितलं. आधी पोचला त्याला ते मिळालं आणि दुसरा ‘फाइल एक्झिस्ट्स’ अशी तक्रार लॉगमध्ये टाकून इथ१ वरच राहिला. त्या दिवशी नाव नेमकं स्विचकडच्या पोर्टाला मिळालं. स्टोरेजचा आयपी भलत्याच केबलवर जाऊन बसला आणि सकाळी एडिटिंगवाल्यांचे सगळे प्रोजेक्ट ‘मीडिया ऑफलाइन’ दाखवू लागले.

मग मॅक ॲड्रेसवर, म्हणजे पोर्टाच्या हार्डवेअर पत्त्यावर, गेलो. या कार्डात प्रत्येक पोर्टाला स्वतःचा मॅक असतो, त्यामुळे काही आठवडे सुखात गेले. पुढे प्रयोग म्हणून दोन्ही पोर्ट बाँडमध्ये (दोन पोर्ट मिळून एकच जोडणी) घातले आणि तिथेही गाडी अडली. बाँडमध्ये दोन्ही पोर्ट सहसा एकच मॅक धारण करतात. व्हीलॅनचं (एकाच केबलवरचं वेगळं आभासी नेटवर्क) इंटरफेस तर जन्मतःच आईचा, म्हणजे ज्या पोर्टावर ते बनवलं त्याचा, मॅक घेऊन येतं. मूळ मॅक इथटूल या कमांडच्या मोठ्या ‘पी’ने दिसतो आणि सिस्टमडी २४५ पासून डॉट-लिंक फाइलमध्ये कायमच्या मॅकची अटही लावता येते. पण कार्ड बदललं की ती फाइल पुन्हा लिहायला लागणारच.

उत्तर लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हाचं तयार होतं. सिसएफएसमध्ये (कर्नल हार्डवेअरची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) प्रत्येक इंटरफेसच्या फोल्डरात डेव्ह_पोर्ट नावाची एक छोटी फाइल असते. माझ्याकडे एका पोर्टाच्या फाइलमध्ये ० आहे, दुसऱ्याच्या १. ही सोय २०१४ मध्ये कर्नल ३.१५ सोबत आली, ती नेमकी अशाच कार्डांसाठी, जिथे बस, डिव्हाइस आणि फंक्शन तिन्ही सारखी आणि पोर्ट मात्र अनेक. ‘डी१’ येतो तो इथूनच. त्याआधी काही ड्रायव्हर हाच आकडा डेव्ह_आयडीमध्ये भरायचे, म्हणून जुन्या लेखांत तेच नाव सापडतं. पण डेव्ह_आयडीचं मूळ काम वेगळं आहे: एकच मॅक वाटून घेणाऱ्या इंटरफेसांमध्ये फरक दाखवणं. या दोन फाइलींची गल्लत करू नका, मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

आता माझा यूडेव्ह (उपकरण सापडलं की त्याला नाव देणारा सिस्टमडीचा भाग) नियम दोन अटींचा आहे: ड्रायव्हर एमएलएक्स४_कोर आणि डेव्ह_पोर्ट ० किंवा १. पीसीआय पत्ता मुद्दाम घातलेला नाही. जूनमध्ये सर्व्हरमध्ये एक एनव्हीएमई डिस्क वाढवली, तेव्हा कार्ड ०१ वरून ०२ वर सरकलं. जुनी पद्धत असती तर ईएनपी१एस०चं ईएनपी२एस० झालं असतं आणि ब्रिज (व्हीएमना पोर्टाशी जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच) पोरका झाला असता. स्टोअर० आणि अपलिंक० जागचे हलले नाहीत. हा नियम चालतो तो मशीनमध्ये या ड्रायव्हरचं एकच कार्ड आहे म्हणून. दोन कार्डं असतील तर पीसीआय पत्ता घालावाच लागेल. नियमाच्या फाइलचा क्रमांक ८० च्या आत ठेवा, आणि नंतर इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) पुन्हा बनवा, नाहीतर बूटच्या वेळी जुनंच नाव चिकटतं.

एवढं करूनही ० म्हणजे पत्र्यावरचा वरचा पोर्ट की खालचा, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यासाठी एका रात्री सगळे घरी गेल्यावर रॅकच्या मागे गुडघ्यांवर बसलो. एका हातात मोबाइलचा टॉर्च, मांडीवर लॅपटॉप, त्यावर दोन्ही इंटरफेसांची कॅरिअर फाइल (लिंक असेल तर १, नसेल तर ०) सेकंदासेकंदाला वाचणारी एक ओळ चालू. डॅक केबलची (दोन्ही टोकांना मॉड्यूल असलेली तांब्याची केबल) निळी पट्टी ओढली, ‘टक्’ आवाज झाला, आणि डेव्ह_पोर्ट १ च्या कॅरिअरचा आकडा १ वरून ० झाला. केबल परत खोचली, पुन्हा १. तिथेच बसून लेबल मशीनची पट्टी पत्र्यावर चिकटवली. केबल काढायची सोय नसेल तर इथटूलच्या ‘एम’ने त्या पोर्टातल्या मॉड्यूलचा किंवा केबलचा सीरियल नंबर वाचता येतो, तो केबलच्या टोकावरच्या स्टिकरशी जुळवून बघा. दिवा लुकलुकवण्याचा इथटूलचा छोटा ‘पी’ही आहे, पण त्याला कार्डाच्या फर्मवेअरची साथ लागते.

एक अडचण मात्र नावांनी सुटत नाही. मला एक पोर्ट फायरवॉलच्या व्हीएमला सरळ द्यायचा होता. असं सरळ देणं, म्हणजे पासथ्रू, फंक्शनच्या हिशोबाने होतो आणि इथे फंक्शन एकच, त्यामुळे दिलं की दोन्ही पोर्ट होस्टवरून जातात. माझे एकदा तसे गेले. वाट एसआर-आयओव्हीची आहे: त्यात कार्ड स्वतःची आभासी फंक्शनं, म्हणजे व्हीएफ, बनवतं आणि ती व्हीएमना देता येतात. एमएलएक्स४ ड्रायव्हरला नम_व्हीएफएस मध्ये तीन आकडे देता येतात: पहिल्या पोर्टाचे व्हीएफ किती, दुसऱ्याचे किती, दोन्हींवर मिळून किती. १,१,० दिल्यावर माझं काम झालं, पण त्याआधी फर्मवेअर आणि बायोसमध्ये हात घालावा लागला. त्यात एक रविवार गेला.

दोन्ही पोर्ट होस्टनेच वापरायचे असतील तर हे कार्ड मी आजही घेईन, त्याच दिवशी लेबलही लावेन. एकेक पोर्ट वेगवेगळ्या व्हीएमला वाटायचा असेल, तर सरळ एक्स५२० किंवा कनेक्टएक्स-४ एलएक्स बघा, त्यांत प्रत्येक पोर्टाचं फंक्शन वेगळं असतं.