कृष्णवर्णीयांचा इतिहास चार वर्षांच्या हातांनी: फेब्रुवारीच्या एका कृतिसंचाचे परीक्षण

फेब्रुवारी जवळ आला की अमेरिकेतील बालवाडी शिक्षिकांसाठी ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’चे तयार कृतिसंच मोठ्या संख्येने विक्रीला येतात. त्यांपैकी एक संच न्यू जर्सीतील माझ्या वर्गात, साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर, मी यंदा महिनाभर वापरला. संच संगणकावर उतरवून घेऊन छापायचा आहे. त्यात व्यक्तिपरिचयाची सचित्र कार्डे, रंगवायची आणि कापून चिकटवायची पाने, आणि प्रत्येक कृतीसाठी शिक्षिकेला एक पान सूचना आहेत. दोषांविषयीही स्पष्ट लिहायचे असल्याने विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. बाजारातील बहुतेक संचांमध्ये याच व्यक्ती आणि याच कृती थोड्याफार फरकाने असतात, त्यामुळे हे परीक्षण दुसरा एखादा संच निवडतानाही उपयोगी पडावे.

हा महिना पाळण्याची सुरुवात इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये एका आठवड्यापासून केली. अब्राहम लिंकन यांची १२ फेब्रुवारीची जयंती आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांची १४ फेब्रुवारीला पाळली जाणारी जयंती या दोन्ही ज्या आठवड्यात येतात, तो आठवडा त्यांनी निवडला आणि १९७६ पासून त्याचा महिना झाला. वुडसन यांचे आईवडील स्वतः गुलामगिरीतून मुक्त झालेले होते, आणि आपल्या समाजाचे कर्तृत्व पाठ्यपुस्तकांत कुठेच नाही ही त्यांची खंत होती. लहान मुलांसाठीचा कृतिसंच पारखताना मला हेच मोजमाप योग्य वाटते: संचातील कृती करताना मुलाला त्या व्यक्तीचे काम कळते का, की तिचा केवळ चेहरा रंगवून होतो?

या कसोटीला संचातील सर्वांत चांगली उतरलेली कृती अल्मा थॉमस यांच्यावरची आहे. १८९१ मध्ये जॉर्जियात जन्मलेल्या या चित्रकर्तीने वॉशिंग्टनमधील एका शाळेत पस्तीस वर्षे कला शिकवली आणि निवृत्तीनंतर पूर्ण वेळ चित्रकलेला वाहून घेतले. १९७२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकल प्रदर्शन भरलेली ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरली. खिडकीतून दिसणारी झाडे आणि बागेतील फुलांचे ताटवे यांच्यावरून तिने रंगांच्या लहान लहान फटकाऱ्यांची वर्तुळे रचली. संचात मुलांना मधे एक ठिपका असलेला मोठा कागद मिळतो आणि त्याभोवती बोटाच्या ठशांनी एकेका रंगाचे कडे वाढवत न्यायचे असते. चार वर्षांच्या मुलाला हे जमते, आणि जमताना त्याचा हात थॉमस यांच्या हाताने जे केले तेच करत असतो. कडे कुठे तुटले, कुठे दोन रंग एकमेकांत मिसळले, यावर मुले आपणहून बोलू लागली. शेवटी मूळ चित्राची प्रत समोर ठेवल्यावर त्यांनी तिच्यातही तशा तुटलेल्या जागा शोधून काढल्या. संपूर्ण संचाची किंमत या एका कृतीतच वसूल होते, असे मी म्हणेन.

अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील स्त्रियांच्या गोधड्यांवरची कृती मात्र वाया घालवली आहे. त्या स्त्रियांनी शेतात घालून विरलेल्या पँटी, सदरे आणि पिठाची पोती यांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवल्या, आणि पुढे त्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. संचात त्याऐवजी छापील कागदी चौकोन कापून चिकटवायला दिले आहेत. कागदाला ना पोत असतो, ना कोणाच्या अंगाची आठवण. आम्ही कागद बाजूला ठेवून घराघरांतून जुन्या कपड्यांचे तुकडे मागवले, तेव्हा प्रत्येक मूल आपल्या तुकड्याची हकीकत सांगू लागले. ज्या मराठी घरांत आजीने शिवलेली गोधडी आहे, तेथून तीच पाहायला आली आणि टाके कसे घातले जातात हे मुलांनी हात फिरवून पाहिले. ही सूचना संचकर्त्यांना सहज देता आली असती.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या पानावर भुईमुगाचे दाणे चिकटवायला सांगितले आहे. ज्या देशात अनेक बालवाड्यांत शेंगदाण्याला ॲलर्जीमुळे बंदी असते, तेथे ही सूचना सावधगिरीच्या एका ओळीवाचून छापावी, हे बेजबाबदारपणाचे आहे. शिवाय कार्डावर कार्व्हर यांना पीनट बटरचा शोधक म्हटले आहे, जे चुकीचे आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे खरे काम कापसाने निकस झालेली दक्षिणेतील जमीन शेंगवर्गीय पिकांनी सुधारण्याचे आणि ते ज्ञान गरीब शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेण्याचे होते. त्यासाठी १९०६ मध्ये ते शिकवत असलेल्या, अलाबामातील टस्किगी या शिक्षणसंस्थेतून प्रात्यक्षिकांची फिरती गाडी सुरू झाली. ते चित्रकारही होते आणि अलाबामाच्या मातीतून त्यांनी रंग तयार केले होते. त्यावरून आम्ही अंगणातली आणि कुंडीतली माती चाळून, पाण्यात आणि थोड्या गोंदात कालवून तिने चित्रे काढली. तेथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कोसबाडची बालवाडी आठवत राहिली. परिसरातील पाने, बिया, खडे यांतूनच शिक्षणाची साधने उभी करण्याचा त्यांचा आग्रह मराठी शिक्षिकांच्या अंगी मुरलेला आहे आणि तो येथे सरळ कामी येतो.

संशोधक गॅरेट मॉर्गन यांच्या कृतीबद्दल थोडक्यात. लाल, पिवळे, हिरवे गोल चिकटवून सिग्नल करणे मुलांना आवडते, पण १९२३ मध्ये पेटंट मिळालेला मॉर्गन यांचा सिग्नल दिव्यांचा नव्हता. तो हाताने फिरवायचा, आडव्या भुजांचा खांब होता आणि सर्व बाजूंची वाहतूक थांबवणारी तिसरी स्थिती हे त्याचे वैशिष्ट्य होते. पुठ्ठ्याच्या भुजा पिनेने जोडून फिरता खांब करणे अवघड नाही, आणि वर्गात चौक आखून तो फिरवला की ‘सगळे थांबा’ ही कल्पना मुलांना पायांनी कळते.

गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या पानाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. संचात खुर्च्यांची बस मांडून, मुलांना दोन रंगांची तिकिटे वाटून, एका रंगाच्या मुलांना मागे पाठवायला सांगितले आहे. ही कृती कोणीही करू नये. या वयाच्या मुलाला भूमिका आणि वास्तव यांत अंतर ठेवणे नेहमीच जमत नाही. मागे पाठवलेल्या मुलाला अपमान खरा वाटतो, पुढे बसलेल्याला अधिकार खरा वाटतो, आणि वर्गातील कृष्णवर्णीय मुलावर याचा भार दुप्पट पडतो. शिवाय कार्डावरील ‘दिवसभराच्या कामाने दमल्यामुळे त्या उठल्या नाहीत’ हे वाक्य त्या स्त्रीचे धैर्यच काढून घेते. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत अटक झाली तेव्हा बेचाळीस वर्षांच्या पार्क्स नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या आणि अनेक वर्षे या कामात होत्या. त्यानंतर शहरातील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. ते चालत गेले, एकमेकांना गाडीतून सोडत राहिले. आम्ही तेच केले. जुन्या चपलांचे ठसे कागदी पट्टीवर उमटवत मुले शाळेभोवती एकत्र चालली, दमलेल्याचा हात दुसऱ्याने धरला. नियम अन्यायाचा होता आणि माणसांनी मिळून तो बदलला, एवढे चार वर्षांच्या मुलाला पुरेसे समजते. खाऊची वाटणी चुकली तरी ‘हे बरोबर नाही’ असे ठणकावून सांगणारे हे वय आहे.

रुबी ब्रिजेस यांची कृती साधी आणि नेटकी आहे. १९६० मध्ये सहा वर्षांची रुबी न्यू ऑर्लीन्समधील गोऱ्या मुलांच्या शाळेत एकटीच कृष्णवर्णीय मुलगी म्हणून गेली आणि वर्षभर वर्गात तिच्यासोबत केवळ तिची शिक्षिका होती. मुलांनी तिच्यासाठी बाकावर ठेवायची स्वागतचित्रे काढायची आहेत. जवळपास आपल्याच वयाची मुलगी म्हणून रुबी त्यांना सर्वांत जवळची वाटली.

आता त्वचेच्या रंगाविषयी. संचात पांढरे आणि तपकिरी अंडे फोडून ‘आतून सगळे सारखे’ असे दाखवायचे पान आहे. हेतू चांगला असला तरी त्यातून रंग हे फोडून टाकायचे कवच आहे असा अर्थ निघतो. त्याच्या पुढचे पान कितीतरी सरस आहे: तपकिरी, पिवळा, लाल आणि पांढरा रंग कालवून आपल्या मनगटाशी जुळणारा रंग तयार करायचा, आणि त्याला स्वतः नाव द्यायचे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून इतर सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली पसंत केली होती. शाळांतील वर्णभेद रद्द करणाऱ्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या अभ्यासाची दखल घेतली गेली. मुलांना रंग दिसत नाही, हा मोठ्यांचा समज त्यातून खोटा ठरतो. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी होशील’ हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज उच्चारले जाते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना रंग कालवण्याच्या या पानाचे मोल वेगळे सांगायला नको. माझ्या वर्गातील मराठी मुलांनी सुरुवातीला पांढरा रंग अधिकच ओतला. मनगट ताटलीशेजारी ठेवून पुन्हा पाहायला सांगितल्यावर ती हळूहळू तपकिरीकडे वळली आणि तयार झालेल्या रंगांना गूळ, चहा, चिकू अशी नावे मिळाली.

छपाईसाठी जाड कागद वापरावा, कारण कार्डांची पार्श्वभूमी गडद असून पातळ कागद शाईने ओला होतो. सूचनांची भाषा सोपी आहे, पण मुलांच्या कठीण प्रश्नांना काय उत्तर द्यावे याविषयी एक ओळही नाही, आणि नव्या शिक्षिकेला सर्वाधिक गरज त्याचीच असते. महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळांनी हा संच घ्यायला हरकत नाही. थॉमस, रुबी आणि रंग कालवण्याची पाने जशीच्या तशी वापरावीत, मॉर्गन, कार्व्हर आणि गोधडीची पाने दुरुस्त करून घ्यावीत, आणि बसचे व अंड्याचे पान छापूच नये.