डॉक्टर हू: कुठून सुरू करायचं आणि का बघायचं

सायफाय मालिकांमधली एकच बघायची तर कुठली असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून डॉक्टर हू सांगते. आणि २००५ ला ही जुनी मालिका नव्याने सुरू झाली, तिचा पहिला भाग लावून निम्मे लोक लगेच बंद करतात हेही मला माहितीये, कारण त्यात दुकानातले प्लास्टिकचे पुतळे चालायला लागतात आणि एक कचऱ्याचा डबा चक्क माणसाला गिळून ढेकर देतो. पण थोडा दम धरा, प्लीज. ही मालिका हळूहळू चढते आणि एकदा चढली की उतरत नाही.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी, डॉक्टर हा परग्रहावरचा टाइम लॉर्ड, दोन हृदयं असलेला, आणि त्याचं टार्डिस नावाचं यान बाहेरून निळी पोलीस बॉक्स (पूर्वी ब्रिटनमध्ये रस्त्यावर असायची ती पोलिसांच्या फोनची खोली) दिसते पण आत प्रचंड मोठं आहे, त्यातून तो काळात आणि अवकाशात कुठेही जातो. बीबीसीवर हे २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालं, आणि पहिली कथा डिरेक्ट करणारे वारिस हुसेन हे लखनौला जन्मलेले! पैसे कमी, डोकं भरपूर असा सगळा कारभार. टार्डिस निघताना तो जो धापा टाकल्यासारखा घरघर आवाज येतो ना, तो ब्रायन हॉजसनने घराची किल्ली पियानोच्या जाड तारांवर घासून केला होता. आजही तो आवाज आला की माझ्या अंगावर काटा येतो.

पण मला ह्या मालिकेचं खरं वेड आहे ते चेहरा बदलण्यामुळे. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल, त्यांची तब्येत १९६६ पर्यंत फार बिघडली, मग मालिका बंद करायच्या ऐवजी ह्या लोकांनी ठरवलं की डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर नवं होतं, नवा चेहरा, नवा स्वभाव, आठवणी मात्र त्याच, आणि पॅट्रिक ट्रॉटन आले. अडचण म्हणून काढलेली ही वाट, पण तिनेच मालिका इतकी वर्षं जगवली. दर काही वर्षांनी आपला लाडका माणूस जातो आणि त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसावर आपल्याला परत जीव लावावा लागतो. डेव्हिड टेनंटचा डॉक्टर जाताना सरळ सांगतो की त्याला जायचं नाहीये, आणि मी ढसाढसा रडले, मग मॅट स्मिथ आला तेव्हा ठरवलेलं की हा मला आवडणारच नाही, दोन भागांत विरघळले.

माझा सगळ्यात आवडता भाग २०१५ चा हेवन सेंट. जवळपास पूर्ण भाग एकटा पीटर कॅपाल्डी, म्हणजे तेव्हाचा डॉक्टर, समुद्रात एक किल्ला, मागे संथपणे चालत येणारं एक भूत, आणि समोर हिऱ्याहून कितीतरी कठीण भिंत. तो काय करतो तर बुक्की मारतो. मरतो, परत सुरुवातीपासून येतो, परत बुक्की. किती काळ ते सांगत नाही, पण तो आकडा कळतो तेव्हा श्वास अडकतो. दुःखावर ह्यापेक्षा खरं काही मी टीव्हीवर पाहिलेलं नाही.

२०१८ चा डीमन्स ऑफ द पंजाब आपल्या लोकांनी तर बघाच. १९४७, फाळणी, प्रेम नावाचा हिंदू मुलगा आणि मुस्लिम उमब्रीन ह्यांचं लग्न. परग्रहावरचे प्राणी आहेत पण मारायला आलेले नाहीत, एकटे मरणाऱ्यांजवळ उभं राहायला आलेत, मारतात ती माणसंच, आणि प्रेमचा सख्खा भाऊच त्या जमावाला घेऊन येतो. डॉक्टरला (ह्या वेळी ती बाई आहे) सगळं माहिती असून ती थांबवू शकत नाही. शेवटी थीम म्युझिक आपल्याकडच्या गायकीच्या ढंगात येतं, ते पूर्ण ऐका.

खटकतं ते पण सांगते. सीझनचे शेवटचे भाग बऱ्याचदा फसतात, अख्खं विश्व संपणार असतं आणि मग डॉक्टर काहीतरी भराभर बडबडून दोन मिनिटांत सगळं ठीक करतो. जोडी व्हिटेकर पहिली स्त्री डॉक्टर, किती छान अभिनेत्री, पण तिला लिखाण तितकं चांगलं मिळालं नाही ह्याचा मला अजून राग आहे. आणि २०२० मध्ये डॉक्टरच्या जन्माचं जे नवीन रहस्य घुसडलं ते मला अजिबात पटलेलं नाही, तो एक साधा पळून आलेला टाइम लॉर्ड होता ह्यातच मजा होती.

घाई असेल तर आधी २००७ चा ब्लिंक बघा, दगडी देवदूतांचा, बघत राहिलात तर ते हलत नाहीत, पापणी लवली की संपलं. त्यात डॉक्टर फार थोडा आहे, आधीचं काही माहिती नसलं तरी चालतं. तो आवडला तर २००५ पासून क्रमाने लावा. हेवन सेंट मात्र उडी मारून बघू नका, डॉक्टरबरोबर फिरणारी क्लारा कोण होती आणि तिचं काय झालं हे कळल्याशिवाय त्या भिंतीवरच्या बुक्क्यांचं काहीच वाटणार नाही.