बारावीनंतर सैन्याच्या खर्चाने शिक्षण: एनडीए, एएफएमसी की अग्निवीर?

बारावी जवळ आली की घरोघर फीचा हिशेब सुरू होतो आणि कुणीतरी सुचवतंच, "सैन्यात जा, शिक्षण फुकट होतं." होतं, खरंय. पण एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिथे अधिकारी घडवतात) आणि एएफएमसीत (सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय) सरकार आधी शिकवतं आणि मग सेवा घेतं. अग्निवीराने, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाने, आधी ती वर्षं द्यायची, एकरकमी पैसे नंतर.

खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षांत दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची पदवी मिळते. शिकवणं, राहणं, जेवण सरकारकडे. लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. मात्र लेखी परीक्षेत गणिताला 300 गुण आहेत, कला शाखेची बरीच मुलं तिथेच अडतात. 2022 पासून मुलींनाही प्रवेश आहे. मध्येच स्वतःहून सोडलं, तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल होतो.

पुण्याच्या एएफएमसीचं गणित वेगळं. नीट, मग वेगळी चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. एवढं पार केलं की एमबीबीएसची फी नाही. खासगी कॉलेजात दरवर्षी लाखो रुपये मोजणाऱ्या घराला हे वरदान वाटेल, पण प्रवेशाच्या वेळीच बाँड लिहून द्यावा लागतो आणि सेवा न केल्यास भरायची त्याची रक्कम अर्ध्या कोटीच्या वर आहे. शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक मुदतीची नोकरी) मिळाली तरी सात वर्षं सेवा. पीजी कधी करायचं, हेही सगळं आपल्या हातात राहत नाही. ज्याला गणवेश नकोच आहे, त्याने केवळ फी वाचवायला इथे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अग्निवीराच्या सेवानिधीबद्दल, म्हणजे सेवा संपल्यावर मिळणाऱ्या एकरकमी रकमेबद्दल, फार गैरसमज आहेत. योजना जाहीर झाली तेव्हा चार वर्षांनंतर व्याजासह सुमारे 11.71 लाख मिळतील असं सांगितलं गेलं. यातली निम्मी रक्कम जवानाच्याच पगारातून कापलेली असते: पहिल्या वर्षी पगार 30,000, हातात 21,000. पेन्शन नाही, आणि कायम होणारे जास्तीत जास्त 25 टक्के. इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी सेवेत असतानाच करता येते, निम्मे क्रेडिट प्रशिक्षणाचेच धरतात. ही पदवी सोडू नका. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात बसायची तयारी किती जणांची असते?

मुलीचा विचार करत असाल तर आधी एक गोष्ट तपासा. महाराष्ट्रात 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मग फीसाठी सैन्य हा मुद्दाच उरत नाही. तिला जायचंय का, एवढंच विचारायचं.

वडील माजी सैनिक असतील तर केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्तीही बघा: मुलींना महिना 3,000, मुलांना 2,500.

आणि मूल अजून दहावीतच असेल, तर एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) ही संस्था आहे, मुलांची छत्रपती संभाजीनगरला, मुलींची नाशिकला. तिथले अर्ज दहावीच्या वर्षातच भरायचे असतात.