चिकटवलेली खडी आणि लिथॉप्सचे चौदा महिने

लिथॉप्स म्हणजे दगडगोट्यासारखे दिसणारे, पाणी साठवणाऱ्या जाड पानांचे छोटे रोप; त्याला एका वेळी पानांची एकच जोडी असते, आणि त्या दोन पानांमधल्या भेगेतून नवी जोडी वर आली की जुनी वाळून जाते. चौदा महिन्यांपूर्वी, फुलांचा हंगाम नुकताच सरला असताना, एका कुंडीत तीन रोपे असलेले लिथॉप्स मी विकत घेतले. त्यांतले एक मेले, एकाची वाढ माझ्या चुकीने वर्षभर बिघडली आणि एकाला फूल आले. हा सगळा हिशेब मांडताना माझे मन पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीशी जाते, ती म्हणजे कुंडीच्या तोंडावर गोंदाने चिकटवून दिलेला खडीचा थर.

कुंडी हातात आली तेव्हा ती फार देखणी वाटली होती. करड्या रंगाची बारीक, एकसारखी खडी, आणि तिच्यात बसवल्यासारखी तपकिरी नक्षीची तीन तोंडे. कुंडी आडवी केली तरी एक खडा हलत नव्हता, आणि याचे मला तेव्हा कौतुकच वाटले. आता लक्षात येते की तो थर रोपासाठी नव्हता. वाहतुकीत माती सांडू नये आणि कुंडी चांगली दिसावी, एवढाच त्याचा उपयोग होता. खडी चिकटवलेली असली की खालच्या मातीला बोट लावता येत नाही, ती ओली आहे की सुकली हे कळत नाही, आणि घातलेले पाणी आधी खडीवर साचते आणि मग कडेच्या फटीतून आत उतरते. एका रोपाच्या माथ्यावर तर गोंदाचा एक थेंब ओघळून वाळलेला होता. लिथॉप्सच्या माथ्यावरचे अर्धपारदर्शक ठिपके ही त्याची उजेड आत घेण्याची खिडकी असते. देह मातीत पुरलेला असतो आणि प्रकाश माथ्यातून शिरून आतल्या हिरव्या भागापर्यंत पोहोचतो. त्या खिडकीवर गोंद सांडणाऱ्याने हे रोप कधी नीट पाहिले असेल असे मला वाटत नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मधले रोप पिवळट, पाणचट दिसले आणि चिमट्याने नुसते स्पर्शताच आत बसले. आदल्या दिवशीपर्यंत ते वरून धडधाकट होते. मी विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. पाणी जास्त झाले असेल, असे उत्तर आले आणि तक्रार करण्याची मुदत संपली आहे असेही कळवण्यात आले. तोपर्यंत मी त्या कुंडीला तीन आठवडे पाणी घातलेले नव्हते. हे मी तारखांसह लिहून कळवले, त्यावर पुन्हा तेच वाक्य आले. पैसे परत मिळावेत असा माझा आग्रह नव्हता. खडी चिकटवू नका, एवढे तरी त्यांनी ऐकून घ्यावे असे वाटत होते.

मग मी कुंडीचे तोंड रात्रभर कोमट पाण्यात पालथे धरून ठेवले. उरलेली रोपे भिजणार होती, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. सकाळी खडीचा थर फरशीचा तुकडा निघावा तसा अखंड निघाला. खाली निव्वळ कोकोपीट होते, आणि मुळांभोवती रोपवाटिकेत गुंडाळलेले पातळ कापड तसेच होते. भिजवलेले पाणी कुंडीच्या मध्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, तरी कापडाच्या आतला गोळा गार आणि दमट लागत होता. ती तीन आठवड्यांपूर्वीची ओल होती. मेलेल्या रोपाचे सोटमूळ त्या कापडातच कुजून काळे पडले होते. ज्या वनस्पतीचे मूळ घर दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या कोरड्या, खडकाळ जमिनीत आहे, तिला ओल धरून ठेवणाऱ्या काथ्याच्या भुशात बांधून वरून झाकण घालणे, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

तयार मिश्रण विकत घेण्याची माझी इच्छा उरली नव्हती. भरड वाळू धुऊन, बारीक चाळणीने चाळून धूळ काढून टाकली, फुटक्या विटेचे दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे केले आणि चुरा बाजूला केला. या दोहोंचे मिळून चार भाग आणि जुने, चांगले कुजलेले खत एक भाग, एवढ्यावर काम झाले. सोटमूळ खोल जाते म्हणून कुंडी सुमारे 10 सेंटिमीटर खोल घेतली. दोन्ही रोपांची मुळे मोकळी करून दोन दिवस सावलीत सुकवली, मग लावली आणि आठवडाभर पाणी दिले नाही.

इथपर्यंतचा अनुभव मी तेव्हाच लिहिला असता तर सगळा दोष विक्रेत्यावर टाकून मोकळी झाले असते. पाचव्या महिन्यात मात्र माझे मत बदलावे लागले. जुनी पाने बाजूने सुरकुतू लागली, मऊ पडली, आणि मला वाटले की रोप तहानले आहे. दोन रोपांपैकी खिडकीजवळच्या रोपाला मी कडेने पाणी दिले. चारच दिवसांत त्याची जुनी पाने पुन्हा टम्म झाली आणि मला फार समाधान वाटले. खरे तर त्या वेळी आत नवी जोडी वाढत होती आणि ती जुन्या पानांतलेच पाणी शोषून घेत होती. जुनी पाने कागदासारखी होऊन गळावीत हाच तिचा क्रम असतो. माझ्या पाण्याने जुनी पाने हिरवीच राहिली आणि नवी जोडी त्यांच्या कचाट्यात अडकून वाकडी वाढली. ते रोप आजही दोन मजली दिसते. इथे ना कोकोपीट होते ना गोंद. चूक सर्वस्वी माझी होती, आणि विक्रेत्याने जास्त पाण्याबद्दल लिहिलेले वाक्य या रोपाच्या बाबतीत खरे ठरले.

खडीबद्दलचे मतही मला थोडे सुधारावे लागले. खडीशिवाय लावलेल्या रोपांची मान, म्हणजे देह मातीला टेकतो तो भाग, पाणी दिल्यावर बराच वेळ ओली राहायची आणि देह किंचित कलायचा. 1811 साली इंग्रज निसर्ग अभ्यासक विल्यम बर्चेल यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिस्काच्या परिसरात एक चमत्कारिक गोटा म्हणून जे उचलले आणि जे वनस्पती निघाले, ते खडीतच उगवलेले होते. खडी या रोपाला परकी नाही. म्हणून मी तो निघालेला थर गरम पाण्यात दोनदा भिजवला, दाताच्या जुन्या ब्रशने गोंद घासून काढला आणि तीच खडी सुटी करून रोपांभोवती पसरली. सुट्या खडीतून पाणी सरळ उतरते, मान लगेच सुकते, आणि मनात आले की चार खडे सारून खालची माती पाहता येते. आक्षेप खडीला नाही, गोंदाला आहे.

बाकी देखभालीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. रोज चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशी खिडकी हवी, नाहीतर देह लांबुडका होऊन मातीतून वर येतो. कडक उन्हाळ्यात ते स्वस्थ बसते, तेव्हा पाण्यात हात आखडता घ्यावा. निळ्या-जांभळ्या लिथॉप्सची छायाचित्रे दाखवून बिया विकल्या जातात, त्यांवर विश्वास ठेवू नये.

अकराव्या महिन्यात, शरद लागताना, न बिघडलेल्या रोपाच्या भेगेत गव्हाच्या दाण्याएवढे हिरवट टोक दिसले. बारा दिवसांनी दुपारी दोनच्या सुमारास कळी उमलली. शेवंतीसारख्या अरुंद, पिवळ्याधमक पाकळ्या इतक्या पसरल्या की खालचे रोप जवळजवळ झाकून गेले. सायंकाळी फूल घट्ट मिटले, दुसऱ्या दुपारी पुन्हा उघडले, आणि असे सहा दिवस चालले. फूल येण्याजोगे व्हायला बियांपासून साधारण तीन वर्षे लागतात, म्हणजे हे रोप माझ्याकडे येण्याआधी कोणीतरी नीट वाढवले होते, आणि मग कोणीतरी त्याच्यावर गोंद ओतला. दुसऱ्या रोपाला यंदा फूल आले नाही; त्यामुळे परागासाठी जोडीदार नसल्याने या फुलाला बियांचे बोंडही धरले नाही.

सध्या वाळलेले फूल भेगेत अडकले आहे. ते ओढून काढण्याचा मोह मी आवरला आहे, कारण भेग आता रुंदावू लागली आहे आणि आत नव्या जोडीची कड दिसते, जुन्या जोडीशी काटकोन करून बसलेली. बाजूची पाने सुरकुतायला लागली आहेत. गेल्या पाच आठवड्यांत मी पाणी दिलेले नाही, आणि झारी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली आहे.