पीएफमधली मुलांची पेन्शन: फॉर्म 10-डी आणि त्यामागची सेवा

खातेदार वारला की घरचे पीएफची शिल्लक मागतात, विम्याचे पैसे मागतात आणि तिथेच थांबतात. कर्मचारी पेन्शन योजना 1995, म्हणजे बोलण्यातली ‘ईपीएस’, हिच्यात मुलांची वेगळी पेन्शन आहे हे पुष्कळांच्या गावीही नसतं. हे परीक्षण तेवढ्याच सेवेचं आहे. नियमांना पाचपैकी चार गुण. रकमेला दीड. अर्जाच्या वाटेला मात्र एकच आकडा देता येत नाही, कारण ती वाट सोपी की खडतर हे बहुतेक वेळा खातेदार जिवंत असतानाच ठरून गेलेलं असतं.

आधी एक गैरसमज. आई किंवा वडील निवृत्त होऊन पेन्शन घेत असतील, किंवा कायमचं अपंगत्व येऊन पेन्शन चालू झाली असेल, तर मुलांना वेगळं काही मिळत नाही. मुलांचा हक्क सुरू होतो तो सदस्याच्या मृत्यूनंतर. मग तो मृत्यू नोकरीत असताना झालेला असो की पेन्शन चालू असताना. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पेन्शन खात्यात एका महिन्याची वर्गणी जमा झालेली असली तरी पुरते. दहा वर्षांची अट सदस्याच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाला आहे, इथे नाही. ‘नोकरी तीनच वर्षं झाली होती, पेन्शन कुठली’ असं कंपनीतल्या कुणी सांगितलं म्हणून अर्जच न करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अर्जाला हात घालण्याआधी पासबुक उघडा. त्यात कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा असे तीन रकाने असतात. तिसऱ्यात दरमहा रक्कम दिसायला हवी. वेतनमर्यादा 15,000 असल्यामुळे ती सहसा 1,250 पर्यंत असते (15,000 चे 8.33 टक्के). तो रकाना शून्य असेल तर थांबा. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि तेव्हाच 15,000 च्या वर मूळ पगार असलेला माणूस पेन्शन योजनेचा सदस्यच होत नाही. त्याच्या मुलांना ही पेन्शन नाही, पीएफ आणि विमा मात्र आहे. उलटा प्रकार जास्त त्रासाचा. सदस्य होऊ न शकणाऱ्याच्या नावावर कंपनीने चुकून पेन्शनची वर्गणी भरत राहायची आणि वर्षांनंतर क्लेम फेटाळताना ते उघड व्हायचं. तिथे कागद कितीही पूर्ण असोत, आधी कंपनीला आपली चूक दुरुस्त करावी लागते.

आणखी एक दार आधीच बंद झालेलं असू शकतं. नोकरी सोडल्यावर फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर तेवढ्या सेवेपुरतं सदस्यत्व संपलं. वीस-पंचवीस हजारांसाठी सर्रास केली जाणारी ही गोष्ट घराला पुढे महागात पडते. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठीची जुनी सेवा नोंदवून ठेवणारा दाखला) घेतलं असेल तर ती सेवा शाबूत राहते. घरात असं सर्टिफिकेट आहे का, हे लोखंडी कपाटाच्या तळापर्यंत शोधा.

आता रक्कम. मुलाची पेन्शन विधवेच्या (किंवा विधुराच्या) पेन्शनच्या 25 टक्के, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत. आईला 3,200 बसले तर प्रत्येक मुलाला 800. सदस्य आधीच पेन्शन घेत होता आणि ती 4,200 होती, तर जोडीदाराला निम्मी म्हणजे 2,100 आणि मुलाला 525. किमान मर्यादा अशी: जोडीदाराला 1,000, मुलाला 250. दोन्ही पालक नसतील तर अनाथ पेन्शन लागते. ती विधवा पेन्शनच्या 75 टक्के, किमान 750, इथेही एका वेळी दोघांना. आईने पुनर्विवाह केला तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांना अनाथ पेन्शनच्या दराने मिळू लागते. पुनर्विवाहाने मुलांचंही बंद होईल या भीतीने ही गोष्ट लपवून ठेवणाऱ्यांचं नुकसान होतं, वसुलीही निघते.

250 रुपयांत आज वह्यांचा एक संच येतो. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना पालक गमावलेल्या पात्र मुलाला दरमहा 2,250 देते. केंद्राच्या किमान रकमेच्या नऊपट. त्या योजनेच्या अटी वेगळ्या आणि अर्जही वेगळा, पण पीएफच्या फाईलसोबत तिचीही चौकशी करा.

रक्कम तोकडी असली तरी एका बाबतीत ही योजना उदार आहे. पेन्शन अर्जाच्या तारखेपासून नव्हे, मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. उशीर झाला तर थकबाकी मिळते. चार वर्षं कुणाला माहीतच नव्हतं, असं असलं तरी अर्ज करा.

पहिली पायरी कंपनीची. पीएफच्या पोर्टलवर ‘डेट ऑफ एक्झिट’ (नोकरी संपल्याची तारीख) भरताना कारण निवडावं लागतं, तिथे ‘डेथ इन सर्व्हिस’ यायला हवं. पगारपत्रक सांभाळणारा कारकून किंवा बाहेरचा पीएफ कन्सल्टंट सवयीने ‘सेसेशन’ (नोकरी संपली) निवडून मोकळा होतो, आणि नोकरीतला मृत्यू कागदावर साधा राजीनामा बनतो. मग विम्याचाही दावा अडतो, पेन्शनचाही. एचआरशी बोलताना ‘एक्झिट टाकली का’ एवढंच विचारू नका, कारण काय टाकलं त्याचा स्क्रीनशॉट मागा.

मग फॉर्म. मृत्यूच्या प्रकरणात पीएफसाठी फॉर्म 20, विम्यासाठी 5-आयएफ (नोकरीतल्या मृत्यूला कमाल 7 लाख) आणि पेन्शनसाठी 10-डी. या तिघांना मिळून एक एकत्रित दावा फॉर्मही आहे. खाते मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या पीएफ ट्रस्टमध्ये असेल तर फॉर्म 20 ट्रस्टकडे जातो, पण पेन्शन भविष्य निधी कार्यालयाकडेच असते. ट्रस्टने हिशेब चुकता केला म्हणजे सगळं संपलं, हा समज इथूनच येतो. 10-डीमध्ये पेन्शनचा प्रकार निवडताना विधवा आणि मुलं हा पर्याय घ्या, आणि कुटुंबाच्या तक्त्यात सगळी मुलं लिहा. तीन असतील तर तिन्ही. सध्या दोघांनाच मिळणार म्हणून धाकटीचं नाव गाळलं, तर थोरला 25 चा झाल्यावर तिची पाळी येते तेव्हा तिचं नाव रेकॉर्डमध्ये नसतं. दत्तक मूल कायदेशीर असेल तर हक्क तोच, दत्तकपत्र जोडायचं.

सोबत मृत्यूचा दाखला, मुलांच्या वयाचे पुरावे, सगळ्यांची आधार कार्डं, फोटो, आणि आई व मुलं यांच्या वेगवेगळ्या खात्यांच्या पासबुकाचं पहिलं पान. यादी छोटी दिसते. खरा घोळ नावांचा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांचं मधलं नाव एका ठिकाणी ‘रामचंद्र’, दुसरीकडे ‘रामचंद्रराव’. आईच्या बँक खात्यावर माहेरचं नाव. ग्रामपंचायतीतल्या जुन्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा. हे सगळं अर्ज देण्याआधी दुरुस्त करा, अर्ज फेटाळल्यावर नाही. कोऱ्या रकान्यात नाव घालून घ्यायचं काम जन्मनोंदणी झाली त्याच ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत होतं. मृत सदस्याच्याच नावात किंवा जन्मतारखेत पीएफ आणि आधार यांत फरक असेल, तर कंपनीच्या सहीने संयुक्त घोषणापत्र लागतं. सगळ्यांत जास्त आठवडे खाणारा कागद हाच.

मुलाचं खातं त्याच्या स्वतःच्या नावावर उघडा, पालक म्हणून आई चालवेल. आईच्याच खात्यात सगळं घ्या, असं बँकेतला बाबू सुचवील, ऐकू नका. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. भविष्य निधी संघटनेच्या ऑगस्ट 2025 च्या परिपत्रकानुसार पैसे अज्ञान मुलाच्या स्वतःच्या खात्यात जात असतील तर कोर्टाच्या पालकत्व दाखल्याचा आग्रह धरायचा नाही. काउंटरवर तो मागितला गेला तर या परिपत्रकाची प्रत पुढे करा. पतसंस्थेचं खातं देऊ नका. आणि पासबुक विलीनीकरणाआधीच्या बँकेचं असेल तर त्यावरचा आयएफएससी मेलेला असतो, नवीन पासबुक छापून घ्या.

ऑनलाइन वाट चांगली आहे, पण ती ई-नॉमिनेशन (पोर्टलवरची वारसनोंद) झालेल्यांसाठी. सदस्य पोर्टलच्या पहिल्याच पानावर लाभार्थ्याने मृत्यू दावा भरण्याची लिंक असते. सदस्याचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), वारसाचं नाव, आधार, जन्मतारीख टाकली की वारसाच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. इथेच घरं अडतात, कारण आईच्या आणि मुलांच्या आधारला नंबर असतो तो गेलेल्या माणसाचा! अशा घराने ते सिम बंद करू नये, रिचार्ज करत राहावं, आणि आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्यावा. ई-नॉमिनेशनचा दुसरा घोटाळा म्हणजे माहिती भरून ‘सेव्ह’ केलं, पण शेवटची ई-साइन केलीच नाही. ते नॉमिनेशन झालेलंच नाही. लग्नाआधी आई-वडिलांच्या नावे केलेलं नॉमिनेशनही लग्नानंतर रद्द ठरतं, नव्याने करावं लागतं.

कागदी अर्ज कंपनीमार्फत जातो. कंपनी बंद पडली असेल, मालक सापडत नसेल, तर राजपत्रित अधिकारी, बँक मॅनेजर, पोस्टमास्तर, सरपंच, आमदार-खासदार यांपैकी कुणाचं साक्षांकन चालतं. ‘कंपनीची सही आणा’ म्हणून गिरणी किंवा कारखाना कधीच बंद पडलेल्या घराला परत पाठवलं जात असेल, तर ही यादी फॉर्मवरच छापलेली असते, ती दाखवा. अर्ज देताना पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. ती पुढे लागते.

का लागते ते असं. दावा पूर्ण कागदांसह मिळाल्यापासून 20 दिवसांत निकाली निघायला हवा. कारण नसताना उशीर झाला तर योजनेच्या परिच्छेद 17-अ नुसार 12 टक्के दंडव्याज, तेही आयुक्ताच्या पगारातून. ते प्रत्यक्ष कुणाच्या पदरात पडतं की नाही हा भाग सोडा, पण तक्रारीत हा परिच्छेद लिहिला की फाईल हलते. तक्रार ‘ईपीएफआयजीएमएस’ पोर्टलवर करा, नोंदणी क्रमांक जपून ठेवा. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं. ज्यांना मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर किंवा पणजीचं कार्यालय लांब पडतं त्यांनी तिथे फाईल घेऊन जावं. या सेवेचा सगळ्यांत मोठा दोष सांगायचा तर तो त्रुटी हप्त्याहप्त्याने काढण्याचा. आधी फोटो नाही म्हणून परत, मग नाव जुळत नाही म्हणून परत. सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्यात अशा वरून सूचना आहेत. दुसऱ्यांदा वेगळ्या कारणाने परत आलं, तर तक्रारीत दोन्ही तारखा आणि दोन्ही कारणं मांडा.

अपघात कामावर झाला असेल आणि ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) वर्गणी कापली जात असेल, तर तिथला अवलंबितांचा लाभ वेगळा मागायचा. तो पीएफच्या पेन्शनपेक्षा पुष्कळ मोठा असतो. पूर्ण दर सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के. त्यातला 3/5 विधवेला, प्रत्येक मुलाला 2/5, आणि बेरीज पूर्ण दराच्या वर गेली की सगळ्यांचं प्रमाणात कमी. रोज 600 असेल तर पूर्ण दर 540. आई आणि दोन मुलं असतील तर आईला रोजचे साधारण 231, मुलांना प्रत्येकी 154. मुलाला 25 वर्षांपर्यंत, मुलीला लग्नापर्यंत. हा लाभ फक्त कामावरचा अपघात किंवा व्यवसायजन्य आजार यांच्यासाठी, म्हणून अपघाताची नोंद कंपनीने केली आहे का ते पहिल्याच आठवड्यात पाहा.

पेन्शन सुरू झाल्यावरचा भाग हल्ली बराच सुधारला आहे. जानेवारी 2025 पासूनच्या केंद्रीय पद्धतीमुळे कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत पैसे येतात, गाव बदललं तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवायची गरज उरली नाही. हयातीचा दाखला वर्षातून कधीही द्या, दिल्यापासून एक वर्ष चालतो. नोव्हेंबरात बँकेत रांग लावायचं कारण नाही.

मूल कायमचं आणि पूर्ण अपंग असेल तर त्याला 25 ची मर्यादा लागू नाही, पेन्शन आयुष्यभर, आणि दोनच मुलांच्या मोजणीतही ते अडकत नाही. पण हे पहिल्याच 10-डीमध्ये अपंगत्वाच्या दाखल्यासह लिहिलेलं असावं. ते तेव्हा राहिलं, आणि पेन्शन 25 व्या वाढदिवसाला थांबल्यावर दाखला शोधायला सुरुवात केली, तर मधले सगळे महिने कोरडे जातात.